दोन्ही एकत्र चालतं का?

डॉक्टरांचा राउंड दाराशी आला, तशी शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या काकूंनी हातातली बाटली चटकन पिशवीत टाकली आणि पिशवीवर शाल ओढली. तपकिरी काचेची बाटली, लेबल नसलेली, झाकणाभोवती हिरवट काळा थर सुकलेला. खाटेवर त्यांचा मुलगा डोळे मिटून पडला होता. विशीच्या आतबाहेरचा असेल. डॉक्टरांनी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, सांगितले, तोंडातले व्रण पाहिले, "आणखी काही औषध सुरू आहे का?" असं विचारलं, आणि काकू "नाही" म्हणाल्या. राउंड पुढच्या खोलीत गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, एक विचारू का? हे आणि ते, दोन्ही एकत्र चालतं का हो?" 'हे' म्हणजे शालीखालची बाटली आणि 'ते' म्हणजे स्टँडला टांगलेलं केमोचं औषध. मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा ना काकू." तर म्हणाल्या, "ते नाहीच म्हणणार. आणि हे झाडपाल्याचं आहे, ह्यानं कसला अपाय होणार? ते मात्र सगळं केमिकल." तेवढ्यात कुणाचा तरी पंप वाजायला लागला, सिस्टर धावत आल्या आणि बोलणं तिथंच तुटलं.

माझ्या भाच्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आहे. त्या वेळी त्याच्या स्टँडवर एक लहानशी पिशवी लटकत होती. आतलं औषध पाण्यासारखं, रंग नाही. वर विन्क्रिस्टिन असं लिहिलेलं आणि खाली ठळक अक्षरांत इशारा, की हे फक्त शिरेतून द्यायचं, इतर मार्गाने दिल्यास जीव जाऊ शकतो. ही पिशवी म्हणजे सदाफुली. कुंपणाकडेला, भिंतीच्या भेगेत, कुणी न लावता उगवणारी, गुलाबी पाकळ्यांची सदाफुली. तिच्या पानांत हे द्रव्य इतकं कमी असतं, की एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि एका खेपेला रुग्णाला दिलं जातं ते सहसा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. काकूंचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, तो त्या चुकीचं बोलत होत्या म्हणून नव्हे. त्या अर्ध्या बरोबर होत्या. झाडपाला आणि केमो एकत्र चालतात का, याचं उत्तर त्याच खोलीत आमच्या डोक्यावर थेंबाथेंबाने उतरत होतं. फक्त त्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग फार लांबलचक आहे, आणि तो दोन खाटांमधल्या उभ्या उभ्या बोलण्यात मावणारा नव्हता.

सदाफुलीची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती भाच्याच्या पहिल्या महिन्यातच, रात्री झोप येत नसताना. कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांना १९५२ साली त्यांच्या एका रुग्णाने जमैकाहून पाकिटातून या झाडाची पानं पाठवली. तिथे मधुमेहावर त्या पानांचा काढा घ्यायचे. क्लार्क निवृत्तीला आलेले, म्हणून त्यांनी ती पानं आपल्या भावाकडे, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्टनी उंदरांना तो अर्क पाजून पाहिला, रक्तातली साखर जागची हलली नाही. मग तो टोचून पाहिला, तर उंदीर काही दिवसांत मेले. इथे एखाद्याने वही मिटली असती. पण उंदीर कशाने मेले हे त्यांनी शोधलं, आणि ते संसर्गाने मेले होते. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. जे पांढऱ्या पेशी संपवतं, ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल का, हा पुढचा प्रश्न मग आपोआप आला. चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाने त्या अर्कातून द्रव्य वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन जगापुढे आलं. अमेरिकेत एली लिली कंपनीतही गॉर्डन स्वोबोडा वगैरे मंडळी याच झाडावर काम करत होती. त्यांना अर्काने ल्युकेमिया झालेले उंदीर जास्त जगताना दिसले. विन्क्रिस्टिन त्यांनी काढलं, आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

ते मेलेले उंदीर माझ्या मनातून जात नाहीत. कारण घरी थर्मामीटर हातात धरून मी ज्याची धास्ती घेते, ते तेच. काउंट खाली आले की ताप अडतीस सेल्सिअसच्या वर जाण्याची भीती, आणि गेला की रात्री कितीही वाजले असोत, तसंच उठून हॉस्पिटल. औषधाचा गुण आणि त्याचा धोका, दोन्ही एकाच निरीक्षणातून सापडले. उंदीर मेले नसते, तर हे औषध कदाचित हाती लागलंच नसतं.

काकूंच्या 'ह्यानं कसला अपाय होणार' या वाक्यापाशी मी म्हणूनच पुन्हा पुन्हा येते. सदाफुली अपाय करते. पेशी दुभंगताना तिच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म धागे तयार होतात आणि गुणसूत्रांचे दोन वाटे दोन टोकांना ओढून नेतात. विन्क्रिस्टिन ट्युब्युलिनला चिकटतं, धागे बनत नाहीत, आणि पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. पण तेच ट्युब्युलिन आपल्या मज्जातंतूंतही असतं. कमरेपासून पावलापर्यंत गेलेल्या लांबच लांब तंतूंतून सामान वाहून नेण्याचं काम त्यांच्यात याच धाग्यांवरून चालतं. म्हणून आधी बोटं बधिर होतात, मग पाऊल उचललं जात नाही, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. भाचा चालायला लागला की फरशीवर पाऊल सपकन आपटल्याचा आवाज येतो. त्या आवाजावरून तो कुठल्या खोलीत आहे ते आम्हाला कळतं. आणि हेच औषध चुकून पाठीतून, मणक्यातल्या पाण्यात गेलं, तर माणूस सहसा वाचत नाही. असे अपघात झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये त्यावर इशारा दिला आणि विन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता लहान पिशवीतून द्या असं सुचवलं, म्हणजे पाठीत टोचायच्या सिरिंजांशी गल्लतच होऊ नये. भाच्याच्या स्टँडवर सिरिंजऐवजी पिशवी का होती, हे मला तेव्हा कळलं.

आणि इतकं असूनही एकटी सदाफुली बरं करत नाही.

लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात एकट्या विन्क्रिस्टिनने साधारण निम्म्या मुलांमध्ये आजार दिसेनासा होतो. सोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलं, की हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. पण दिसेनासा झालेला आजार परत येतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी चार औषधं एकदम द्यायचं ठरवलं. विन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मरकॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन. क्षयावर एकच औषध दिलं तर जंतू त्याला पुरून उरतात, तीन दिली तर टिकत नाहीत, हा धडा तेव्हा ताजा होता, तोच त्यांनी इथे लावला. औषधं निवडताना एक काळजी घेतली, की प्रत्येकाचा मार वेगळ्या जागी बसला पाहिजे. विन्क्रिस्टिन मज्जातंतूंना त्रास देतं पण हाडांतल्या, रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेला तुलनेने कमी. म्हणून मज्जेला दडपणाऱ्या औषधांसोबत ते पूर्ण मात्रेत देता येतं. सदाफुलीतलंच दुसरं भावंड, विनब्लास्टिन, रचनेत एवढ्याशा फरकाने वेगळं, पण ते मज्जेला जास्त दडपतं. एवढ्याशा फरकावर कोण कुणाच्या जोडीला बसेल ते ठरलं. साठ साली हा आजार झालेली मुलं क्वचितच वाचायची. आज चांगले उपचार मिळालेल्या ठिकाणी दहातली नऊ वाचतात. मधल्या वर्षांत यातली कितीतरी औषधं तीच राहिली आहेत. बदललं ते मुख्यतः कुणाबरोबर काय, किती, कधी आणि किती दिवस.

प्रोटोकॉलचा, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या आराखड्याचा, कागद आमच्याकडे घडीवर फाटत आला आहे. त्यातल्या औषधांची कुळी शोधायचा मला नादच लागला. लालभडक डॉनोरुबिसिन मातीतल्या जंतूंपासून आलेलं. ते दिल्यावर लघवी लाल होते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव घाबरतो. अ‍ॅस्परॅजिनेज हे जंतूंकडून काढलेलं विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचा माग मूळ गिनीपिगच्या रक्तद्रवात लागला होता. सायटाराबिन ज्यावरून सुचलं, ती द्रव्यं समुद्रातल्या एका स्पंजात सापडली होती. म्हणजे 'ते सगळं केमिकल' असं काकू ज्याला म्हणाल्या, त्यात पान आहे, माती आहे, समुद्र आहे. आणि या सगळ्यांनाही एकमेकांचं असणं सहज सोसत नाही. अ‍ॅस्परॅजिनेज आधी दिलं तर यकृताकडून विन्क्रिस्टिनचा निचरा नीट होत नाही, ते अंगात साठतं. म्हणून विन्क्रिस्टिन बारा ते चोवीस तास आधी द्यायचं. मेथोट्रेक्सेटच्या आधी अ‍ॅस्परॅजिनेज दिलं तर मेथोट्रेक्सेटची धार जाते. दोन्ही एकत्र चालतं का, हा प्रश्न केमोच्या औषधांनाही एकेक करून विचारावा लागला आहे, आणि उत्तर बऱ्याचदा आलं, 'चालतं, पण आधी हे, मग ते.'

मेथोट्रेक्सेटची हकिगत तर मला सगळ्यात जास्त हलवून गेली. फॉलिक आम्ल १९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी वेगळं केलं ते कित्येक टन पालकाच्या पानांतून. रक्त वाढवणारं, पौष्टिक जीवनसत्त्व. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिलं; रक्तच बिघडलं आहे, तर रक्ताचं पोषण द्यावं, यात वावगं काहीच नव्हतं. आणि मुलांचा आजार भडकला. फार्बरनी ते नीट पाहिलं, मान्य केलं, आणि उलटा प्रश्न विचारला, की या जीवनसत्त्वाने आजार वाढत असेल, तर त्याची वाट अडवली तर? लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखंच दिसणारं, पेशीला फसवणारं अ‍ॅमिनोप्टेरिन बनवलं. १९४८ साली फार्बरनी सोळा मुलांवरचे निष्कर्ष छापले, त्यातल्या दहा जणांना काही काळापुरता आराम पडला होता. मुलांचा तीव्र ल्युकेमिया औषधाने मागे हटतो हे त्याआधी असं कुणी दाखवलं नव्हतं. मेथोट्रेक्सेट हा त्याच घराण्यातला. पण गोष्ट इथे थांबत नाही. भाच्याला मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिली जाते, चोवीस तास सलाईनमधून, आणि त्यानंतर ठरलेल्या तासाला ल्युकोव्होरिन सुरू होतं. हे ल्युकोव्होरिन म्हणजे फॉलिक आम्लाचंच एक रूप. आधी दिलं तर मेथोट्रेक्सेट वाया जातं, फार उशिरा दिलं तर तोंड, आतडी, मज्जा सोलून निघतात. ज्या पोषणाने मुलांचा आजार भडकला होता, तेच ठरल्या वेळी मुलाला वाचवतं. रात्री तीनला सिस्टर येऊन ल्युकोव्होरिन देऊन जातात, तेव्हा मी घड्याळ पाहते. शक्ती वाढवणारं म्हणून कुणी एखादी पुडी पुढे केली, की मला हे घड्याळ आठवतं.

आता काकूंच्या बाटलीच्या बाजूने. झाडांकडे अजून बरंच आहे, हे मी मनापासून मानते. सेफॅलोटॅक्सस नावाच्या एका सूचिपर्णी झाडात होमोहॅरिंगटोनिन आहे. चीनमध्ये सत्तरच्या दशकापासून ते मायलॉइड या ल्युकेमियाच्या दुसऱ्या प्रकारात सायटाराबिनच्या जोडीने वापरतात. ते पेशीतल्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, अडवतं, त्यामुळे जी प्रथिनं घडीघडीला नव्याने बनवावी लागतात ती आधी संपतात, आणि ल्युकेमियाच्या पेशीला मरणापासून राखणारं एमसीएल-१ हे त्यांतलंच एक. २०१३ मध्ये चीनमधल्या सहाशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीचे आकडे आले. नेहमीच्या दोन औषधांच्या उपचाराने ६१ टक्के रुग्णांचा आजार दिसेनासा झाला. होमोहॅरिंगटोनिन, सायटाराबिन आणि अ‍ॅक्लारुबिसिन या तिघांनी ७३ टक्के. वाचून मी उठून बसले होते. पुढची ओळही त्याच कागदावर होती, की सुरुवातीच्या उपचारातच दगावलेल्यांचं प्रमाणही या नव्या गटात जास्त होतं. बारा टक्क्यांची वाढ ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी सुरुवातीलाच मोजावी लागलेली किंमत किती खरी आहे, हे दोन्ही एकाच वेळी मनात धरून ठेवणं फार जड जातं. अमेरिकेने याच द्रव्याला २०१२ मध्ये मान्यता दिली ती दुसऱ्याच आजारात, क्रॉनिक, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, मायलॉइड ल्युकेमियात, तीही त्या आजारावर नेमका मारा करणाऱ्या किमान दोन गोळ्या हरल्यानंतर.

फ्लेव्होपिरिडॉलची गोष्ट याहून माझ्या आवडीची. रोहिटुकिन नावाचं द्रव्य भारतात उगवणाऱ्या डायसॉक्सिलम जातीच्या झाडाच्या सालीत सापडलं, हेक्स्ट या औषध कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन केंद्राने त्यावर काम केलं, आणि त्यातून हे औषध घडवलं गेलं. मायलॉइड ल्युकेमियात ते वापरायची पद्धत विचार करायला लावणारी आहे. पहिले तीन दिवस फक्त तेच. त्याने पुष्कळ पेशी मरतात. मग थोडी उसंत. उरलेल्या, आजवर निपचित बसलेल्या पेशी रिकामी जागा भरायला एकदम जाग्या होतात, आणि त्या जाग्या झाल्या की सायटाराबिन आणि मायटोझँट्रोन त्यांना गाठतात, कारण ही औषधं जाग्या पेशींनाच नीट मारतात. उलट्या क्रमाने दिलं तर सगळा डावच फसतो. चाचणीत पहिल्याच फेरीत आजार दिसेनासा झालेल्यांचं प्रमाण ७० टक्के, आणि नेहमीच्या उपचारात ४६. तरी माणसं जास्त जगली, असं काही त्या चाचणीत ठामपणे दिसलं नाही, आणि औषध दवाखान्यापर्यंत आलं नाही. इतकी देखणी कल्पना, आणि ती वाटेतच राहिली.

मग उरतात ती रोज कानावर येणारी नावं. हळदीतलं कर्क्युमिन, हिरव्या चहातलं ईजीसीजी, फीव्हरफ्यू या वनस्पतीतलं पार्थेनोलाइड. काचेच्या बशीत ल्युकेमियाच्या पेशी, त्यात एक केमोचं औषध, एक वनस्पतीचं द्रव्य, आणि दोघांचा मिळून परिणाम बेरजेपेक्षा जास्त निघाला, की लेखात तसं लिहिता येतं. असे लेख शेकड्यांनी आहेत. मी त्यांना हसणार नाही. पार्थेनोलाइड मायलॉइड ल्युकेमियाच्या मूळपेशी मारतं आणि निरोगी मूळपेशींना बऱ्यापैकी सोडतं, हे २००५ मध्ये दिसलं तेव्हा ती खरोखरच मोठी बातमी होती, कारण आजार परतून येतो तो याच मूळपेशींतून. पण पार्थेनोलाइड पाण्यात नीट विरघळत नाही, रक्तात पुरेसं पोचत नाही. कर्क्युमिनची गत तीच. माणसांना रोज आठ ग्रॅम देऊनही रक्तात सापडलं ते अगदी थोडं, आणि बशीतल्या पेशी मरायला लागतं त्याच्या कितीतरी पट. बशीत यकृत नसतं, आतडं नसतं, पहिल्या फेरीतच द्रव्य मोडून टाकणारं काहीही नसतं. शिवाय माणसांत जी मिश्रणं यशस्वी होतात, त्यांतली बरीचशी बेरजेपेक्षा जास्त असं काही करतच नाहीत, असंही आता दिसतंय; एका रुग्णाला एक औषध लागू पडतं, दुसऱ्याला दुसरं, आणि दोन्ही दिल्याने दोघांनाही एक संधी मिळते. हे कळल्यावर मला थोडं उदास वाटलं होतं. नंतर वाटलं, यात कमीपणा कसला?

आणि जेव्हा ते रक्तात पोचतं, तेव्हा काय? काकूंची बाटली काहीच करत नसेल तर ती निरुपद्रवी, पण मग निरुपयोगीही. ती काही करत असेल, तर ती कशावर तरी काम करते आहे, आणि तेवढ्याच कारणाने ती केमोच्या वाटेत येऊ शकते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती. ती यकृतातली विकरं इतकी चेतवते, की इमॅटिनिब या ल्युकेमियावरच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी उतरतं, असं २००४ मध्ये दिसलं. क्रॉनिक ल्युकेमियाचा रुग्ण रोज वेळेवर गोळी घेतोय, आणि प्रत्यक्षात दोन तृतीयांशच घेतोय. उलट बाजूला मिरीतलं पायपेरिन. कर्क्युमिन रक्तात पोचत नाही म्हणून वीस मिलिग्रॅम पायपेरिन जोडलं, तर ते वीसपट पोचलं, असा १९९८ चा एक प्रयोग आहे, आणि तेव्हापासून गोळ्यांत ही जोडी सर्रास असते. पण पायपेरिन हे करतं कसं? औषधं मोडणारी विकरं आणि पेशीतून औषध बाहेर फेकणारे पंप यांना मंदावून. विन्क्रिस्टिनचा निचरा याच वाटेने होतो. बुरशीवरची काही औषधं हीच वाट अडवतात, आणि ती विन्क्रिस्टिनसोबत पडली की मुलांचे हातपाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत. हिरव्या चहातलं ईजीसीजी आणखी निराळं. मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगावरच्या बॉर्टेझोमिब या औषधाला ते थेट जाऊन चिकटतं आणि त्याला निकामी करतं, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. तेच ईजीसीजी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर काहींचे काउंट उतरले. एकच द्रव्य, दोन आजार, दोन तऱ्हा.

डॉक्टर जाणूनबुजून एखादी वनस्पती मिसळतात तेव्हाही मनासारखं होतंच असं नाही. ल्युकेमियाच्या पेशी केमो बाहेर फेकतात तो पंप बंद करायचा, म्हणून फ्रान्समध्ये नव्वदच्या दशकात सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन केमोसोबत देऊन पाहिलं. विचार चोख होता, रुग्णांच्या रक्तात क्विनाइन पुरेसं पोचलंही होतं. तरी सगळ्या रुग्णांत मिळून फरक पडला नाही. अशा चाचणीत सही करून आपलं शरीर देणाऱ्यांबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. लेबल नसलेल्या बाटलीतून कुणी बरं झालं किंवा कुणी गेलं, तरी त्यातून पुढच्या माणसाला काही कळत नाही. या लोकांमुळे कळलं.

काकूंचा प्रश्न मीच पुढच्या भेटीत आमच्या डॉक्टरबाईंना विचारला. वाटलं होतं, त्या 'नाही' म्हणतील आणि विषय संपेल. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. म्हणाल्या, "मला नाव आणि मात्रा कळली, तर मी तपासून सांगू शकते. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर मी कशाला हो म्हणू आणि कशाला नाही? काही लोक आणतात त्यात स्टेरॉइड निघतं, शिसं निघतं. काउंट खाली असताना कच्च्या पाल्यातली बुरशीच पुरते. पण मला खरी भीती वाटते ती ते लपवतात याची. यकृताचे आकडे चढले की मी केमोला दोष देते, मात्रा कमी करते, आणि दोष दुसऱ्याच कशाचा तरी असतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "विचारतेही मी. पण राउंडला, घाईत, सगळ्यांसमोर विचारते. तसं विचारलं तर कोण सांगणार?"

हे ऐकल्यापासून माझा काकूंवरचा राग उतरला. खाटेजवळ बसणाऱ्याच्या हाताला काही कामच नसतं. औषध सिस्टर देतात, मात्रा संगणक काढतो, काउंट लॅब सांगते, आणि आई पांघरूण सारखं करत बसते. त्या बाटलीतला चमचाभर द्रव ही त्या दिवसातली तिने स्वतः लेकराला दिलेली एकमेव गोष्ट असेल. ती हिरावून घेणारा 'नाही' तिला ऐकायचा नसतो, म्हणून ती विचारत नाही. मला वाटतं, डॉक्टरांनी हा प्रश्न वेगळा वेळ काढून, बसून, बाटली हातात घेऊन विचारावा. 'बंद करा' म्हणायचं असेल तर त्याच दमात त्या हातांना दुसरं काही काम द्यावं. तोंडाच्या गुळण्यांचं, तापाच्या नोंदींचं, पायाच्या व्यायामाचं. हे उपचाराच्या बाहेरचं आहे असं मला वाटत नाही.

पायाचा व्यायाम आमच्याकडे माझ्या वाट्याला आला आहे. पाऊल वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. भाचा कंटाळतो, चिडतो, मग करतो. विन्क्रिस्टिनचा त्रास एकाला एवढा आणि दुसऱ्याला जेमतेम का, हे विचारल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं, की सीईपी-७२ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या मुलांना तो जास्त होतो असं २०१५ मध्ये एका अभ्यासात दिसलं, पण त्यावरून मात्रा कशी ठरवायची हे अजून पक्कं झालेलं नाही. जमैकाहून ती पानं आली त्याला सत्तरहून अधिक वर्षं झाली. हे औषध लाखो मुलांच्या अंगात गेलं, आणि या मुलाला किती द्यायचं, यावर अजून दर खेपेला नव्याने बोलावं लागतं. मागच्या वेळी त्यांनी त्याला टाचांवर चालायला लावलं, पापण्या पाहिल्या, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि मात्रा निम्मी केली. या वेळी पाऊल थोडं जास्त उचललं जातंय. मंगळवारी पुन्हा तपासणार आहेत. उचललं गेलं, तर पूर्ण मात्रा.